स्टेशनपासून दारापर्यंत



घराबद्दल विचारायला आलेलं जवळजवळ प्रत्येक जोडपं आधी रक्कम सांगतं. "आमचं चाळीसपर्यंत जमेल, कुठे बघू?" त्यावर मी विचारते, तुम्ही दोघं रोज जाता कुठे? सकाळी किती वाजता निघता? रात्री उशीर कुणाला होतो? मुलाला पाळणाघरातून कोण आणतं? या प्रश्नांचा घराशी काय संबंध, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण नगररचनेच्या कामात माझी जी वर्षं गेली, त्यांत मी एक गोष्ट वारंवार पाहिली. घर लहान पडलं म्हणून विकणारे थोडे. रोजचं येणं-जाणं झेपेना, पाणी पुरेना म्हणून स्वतःच्या घराला कुलूप लावून पुन्हा ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत भाड्याने राहायला जाणारे त्याहून पुष्कळ जास्त. बँकेचा हप्ताही चालू आणि भाडंही चालू. ही वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून आज काही गोष्टी सांगणार आहे.

बोलायचं आहे ते मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या टोकांकडच्या गावांविषयी. मध्य रेल्वेवर डोंबिवली, कल्याण, आणि कल्याणनंतर एकीकडे टिटवाळा, आसनगाव, कसारा, दुसरीकडे अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, कर्जत. पश्चिम रेल्वेवर वसई, नालासोपारा, विरार. हार्बरवर पनवेल. बेताच्या पगाराच्या माणसाचं पहिलं घर आज बहुधा याच पट्ट्यात होतं.

एक जोडपं डोळ्यासमोर धरू. तो घाटकोपरला कामाला, ती ऐरोलीला. एक मूल, सोबत सासूबाई. बजेट 40 लाख.

आधी हे 40 लाख नीट मोजू, कारण जाहिरातीतली किंमत आणि प्रत्यक्ष लागणारे पैसे यांत बरंच अंतर असतं. 40 लाखांच्या घरावर मुद्रांक शुल्क ठिकाणाप्रमाणे साधारण 6 ते 7 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार ते 2 लाख 80 हजार. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर त्यात 1 टक्का सवलत मिळते. तिचा विचार जरूर करा. नोंदणी फी 1 टक्का, पण 30 हजारांच्या वर नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी आहे: किंमत 45 लाखांच्या आत आणि कार्पेट क्षेत्र 60 चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण साडेसहाशे चौरस फुटांच्या आत असेल तर 1 टक्का, नाहीतर 5 टक्के. भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला आपण ओसी म्हणतो, ते मिळाल्यानंतर विकलेल्या तयार घरावर जीएसटी नाही. शिवाय बँकेचे खर्च, वकिलाची फी, सोसायटीची अनामत, आगाऊ भरायचा मेंटेनन्स. सगळं मिळून 4 लाख वेगळे काढून ठेवा.

आता कर्ज. 30 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के. सर्वसाधारणपणे या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. म्हणजे 40 लाखांच्या घराला 32 लाखांचं कर्ज मिळालं, तरी 8 लाख तुमचे आणि वरचे 4 लाखही तुमचेच. हाताशी 12 लाख असतील तर तुमचं बजेट 40 लाख. 8 लाखच असतील तर 34-35 लाखांच्या आसपास थांबावं लागेल. मधली तूट भरायला पर्सनल लोन काढू नका, कुणी कितीही सोपं करून सांगितलं तरी. त्याचं व्याज गृहकर्जापेक्षा खूप जास्त असतं, आणि दोन हप्ते एकाच पगारावर येतात.

32 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी, साडेआठ टक्के दराने घेतलं असं धरू. तुमच्या बँकेचा दर थोडा कमी-जास्त असेल. हप्ता येतो महिना 27,800 च्या आसपास. 20 वर्षांत भरलेलं नुसतं व्याज साडेचौतीस लाखांवर जातं. याच हिशोबातला एक आकडा कागदावर लिहून घ्या, पुढे तो सारखा लागणार आहे. दरमहा 1,000 रुपये हप्ता म्हणजे साधारण 1 लाख 15 हजारांचं कर्ज. उलट बाजूनेही हे खरं आहे. एखाद्या घरापायी दर महिन्याला 1,000 रुपये जास्तीचे जात असतील, तर ते घर जाहिरातीतल्या किमतीपेक्षा 1 लाख 15 हजारांनी महाग आहे.

आपल्या जोडप्याला दोन घरं पसंत पडली आहेत. एक बदलापूरला, 38 लाखांचं, नव्या इमारतीत, पण स्टेशनपासून 3 किलोमीटर आत. दुसरं कल्याणला, 43 लाखांचं, जुन्या सोसायटीत, खोल्या लहान, पण स्टेशनपासून पायी 12 मिनिटांवर. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या इमारतीचे तुम्ही घाला. फरक 5 लाखांचा. आता बदलापूरच्या घराचा महिना मांडू. शेअर रिक्षाचे माणशी 20 रुपये धरले तर दोघांचे येऊन-जाऊन रोजचे 80, महिन्याचे 25 दिवस धरून 2,000. सासूबाईंना डॉक्टरकडे, मुलाला क्लासला, बाजारहाटाला मिळून आणखी 700. सोसायटीत टँकर येतो, त्याचे घरटी 800. झाले 3,500. कर्जाच्या भाषेत हे 4 लाख. 5 लाखांच्या फरकातला 1 लाख उरला. त्यातही कर्जाचा हप्ता 20 वर्षांनी संपेल, रिक्षाचं भाडं संपणार नाही, ते वाढत जाईल. आणि दोघांचा रोजचा जो जास्तीचा वेळ जाईल, तो आपण अजून धरलेलाच नाही. अर्थात कल्याणच्या घराला सुरुवातीला स्वतःचे लाख-सव्वा लाख जास्त घालावे लागतील. ते जमत नसेल तर प्रश्नच मिटला. जमत असेल तर मी कल्याणच्या बाजूने मत देईन.

बदलापूर वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. बदलापूरलाच स्टेशनजवळचं जुनं घर मिळत असेल, तर चित्र बदलतं. म्हणून गावाचं नाव पाहून ठरवू नका, स्टेशनपासून दारापर्यंतचं अंतर पाहून ठरवा. जाहिरातीत "स्टेशनपासून पाच मिनिटं" लिहिलेलं असतं. ती मिनिटं गाडीची, तीही रिकाम्या रस्त्यावरची. तुम्ही संध्याकाळी साडेसात-आठला लोकलमधून उतरा आणि त्या इमारतीपर्यंत पायी जा. रिक्षाच्या रांगेत किती वेळ जातो, पादचारी पुलावर किती गर्दी होते, वाटेत रेल्वे फाटक किंवा उड्डाणपूल ओलांडावा लागतो का, रस्त्यावर दिवे आहेत का, बाईमाणसाला रात्री दहाला एकटीने चालता येईल का, हे सगळं एका फेरीत कळतं. बिल्डरच्या गाडीतून रविवारी दुपारी साइट बघून आलात तर यातलं काहीही दिसत नाही.

आता रेल्वेविषयी थोडं सविस्तर, कारण या पट्ट्यातलं आयुष्य रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतं. सीएसएमटीपासून कल्याण 54 किलोमीटर, बदलापूर 68, कर्जत 100, कसारा 120. पण किलोमीटरपेक्षा महत्त्वाचं आहे रुळांची संख्या. कल्याणपर्यंत जलद आणि धिम्या गाड्यांना वेगळे रूळ आहेत. कल्याणला मार्ग फुटतो, आणि पुढे कसाऱ्याकडे असो वा कर्जतकडे, येणारा एक आणि जाणारा एक एवढेच रूळ. लोकल, मेल-एक्सप्रेस, मालगाड्या सगळ्यांचा बोजा त्यांच्यावर. म्हणून कल्याणपुढे गाड्या कमी, आणि एखादी गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. विरारपर्यंत चार रूळ आहेत, विरारपुढे डहाणूकडे पुन्हा दोन. पनवेलची सीएसएमटी लोकल सगळी स्थानकं घेत जाते. घर बघण्याआधी तुमच्या स्टेशनचं वेळापत्रक काढा आणि तीन गोष्टी तपासा: सकाळी तुमच्या वेळेला तिथूनच सुटणारी गाडी आहे का, ती चुकली तर पुढची किती मिनिटांनी आहे, आणि रात्रीची शेवटची केव्हा आहे. सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. 20 वर्षं रोज दीड तास उभं राहून जाणं आणि बसून जाणं, यांचा परिणाम पाठीवर, गुडघ्यांवर आणि घरातल्या बोलण्यावरही होतो.

दोघं कमावते असतील तर ज्याचा प्रवास जास्त अवघड, त्याच्या सोयीने स्टेशन निवडा. आपल्या जोडप्यात तो घाटकोपरला थेट जातो. तिला ठाण्याला उतरून पूल चढून ट्रान्स-हार्बरची गाडी धरायची आहे. संध्याकाळी परत येऊन बहुतेक घरांत स्वयंपाकही तिलाच करायचा असतो. तरीही घराचा निर्णय त्याच्या कामाच्या ठिकाणावरून होताना मी पाहते, आणि ते मला फार खटकतं. घर ठरवण्याआधी दोघांनी एकमेकांचा प्रवास एकदा तरी करून पाहावा, ऐन गर्दीच्या वेळी. या दोघांना वसई-विरार कितीही स्वस्त पडलं तरी उपयोगाचं नाही, हेही तेव्हाच लक्षात येईल.

आणि येऊ घातलेल्या गोष्टींचं काय? मेट्रो येणार, नवा रस्ता येणार, चौथा रूळ पडणार. या भागात बरीच कामं खरोखर चालू आहेत. कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा मार्ग, पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग, विरार-डहाणू चौपदरीकरण, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो. पण ठाणे-दिवा दरम्यानचा पाचवा-सहावा मार्ग मंजूर झाल्यावर प्रत्यक्ष सुरू व्हायला फेब्रुवारी 2022 उजाडला. मध्ये एका तपाहून जास्त काळ गेला. नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी 2018 मध्ये झालं आणि प्रवासी विमानं उडाली डिसेंबर 2025 मध्ये. म्हणून माझं सांगणं असं की आज जे चालू आहे, तेवढ्याच भरवशावर घर घ्या. जे येणार आहे त्याचे पैसे बिल्डर आजच मागत असतो, आणि वाट पाहण्याची वर्षं तुमच्या वाट्याला येतात.

पाणी. या एका विषयावर खरं तर वेगळं भाषण द्यायला हवं. बदलापूर-अंबरनाथला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देतं. कल्याण-डोंबिवलीला महापालिकेचं उल्हास नदीचं पाणी, तर आजूबाजूच्या 27 गावांच्या भागाला एमआयडीसीचं. कल्याण-शीळ रस्त्यावरचे पुष्कळ मोठे गृहप्रकल्प याच गावांच्या जमिनीवर उभे आहेत. वसई-विरारला सूर्या, उसगाव, पेल्हारचं. पण धरणात पाणी असणं आणि चौथ्या मजल्यावरच्या नळाला ते येणं, यांच्यात जलवाहिनीचा व्यास, टाक्या, दाब आणि पाळी असं बरंच काही असतं. बिल्डरला विचारलंत तर उत्तर "चोवीस तास पाणी" असंच येईल. ते बोअरचं की टँकरचं, हे तो सांगणार नाही. तुम्ही शेजारच्या जुन्या इमारतीच्या वॉचमनला विचारा, मे महिन्यात आठवड्याला किती टँकर येतात. किराणा दुकानदाराला विचारा. सोसायटी झालेली असेल तर सचिवांकडे मागच्या उन्हाळ्याची टँकरची बिलं बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजा.

पाणी नको तिथे येतं, त्याचाही विचार करायला हवा. उल्हास, वालधुनी या नद्यांच्या काठची सपाट जमीन दिसायला सुंदर असते आणि तिथली घरं जरा स्वस्तही मिळतात. 26 जुलै 2005 च्या पावसात या भागाने काय भोगलं, ते जुन्या लोकांना विचारा. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर घेऊच नका. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकामावर अटी असतात, त्या पाळल्या आहेत का ते पाहा. प्लॉट कोणत्या रेषेत येतो हे नगरपालिकेच्या नगररचना विभागात कळतं. तिथे जाणं जमलं नाही तर निदान परिसरात फिरा. तळमजल्याच्या भिंतींवर ओलीचा पट्टा किती उंचीवर आहे? विजेचे मीटर जमिनीजवळून काढून वर बसवले आहेत का? जवळच्या मूळ गावठाणातल्या एखाद्या आजोबांना विचारा की ही जागा पूर्वी काय होती. शेत होतं, तळं होतं, खाजण होतं की मिठागर, ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता मी ज्या गोष्टीवर येते आहे, ती कृपा करून लक्ष देऊन ऐका.

नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतल्या 65 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून या इमारतींसाठी महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली गेली होती. लोकांनी महारेराचा क्रमांक पाहिला, कर्ज मंजूर झालं, करार नोंदवला गेला, आणि राहायला गेल्यावर कळलं की इमारतीला मुळात परवानगीच नव्हती. नालासोपाऱ्यात डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव असलेल्या जमिनीवर 41 इमारती उभ्या राहिल्या, आणि न्यायालयाच्या आदेशानंतर 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. हजारो माणसं रस्त्यावर आली. त्याआधी एप्रिल 2013 मध्ये मुंब्र्याजवळ शीळफाट्याला, बांधकाम चालू असतानाच लोक राहायला आलेली एक बेकायदा इमारत कोसळली आणि 74 जीव गेले. ही सगळी स्वस्त घर शोधणारी, कष्टाने पै-पै जोडणारी माणसं होती.

म्हणून महारेराचा क्रमांक, बँकेचं मंजुरीपत्र आणि नोंदणीची पावती या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत, पण पुरेशा नाहीत. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे सीसी असतं. ते उतरवून घ्या, त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात जा, आणि हे पत्र तुमच्याच कार्यालयातून दिलं गेलं आहे का, असं लेखी विचारा. माहितीच्या अधिकारातही विचारता येतं. एक अर्ज, थोडी रजा आणि थोडा धीर लागतो. त्याच खेपेला जमिनीचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा मागा, म्हणजे तिथे बाग, शाळा, रस्ता किंवा डम्पिंगचं आरक्षण आहे का ते कळेल. सीसी किती मजल्यांपर्यंत आहे हे वाचा. परवानगी चौथ्या मजल्यापर्यंत आणि तुमचा फ्लॅट सातव्यावर, असंही घडतं.

सातबारा आणि फेरफार बघायला वकील लावा. तो तुमचा हवा, बिल्डरने सुचवलेला नको. जमिनीचा मागच्या 30 वर्षांचा शोध त्याच्याकडून करून घ्या. बिनशेती आदेश, कूळ, आदिवासी खातेदार, वारसांचे वाद, बँकेचा बोजा, यातलं काय कुठे लपलं आहे ते त्यालाच दिसेल. त्याची फी तुमच्या एका हप्त्यापेक्षा कमीच असेल. लाखो रुपयांच्या व्यवहारात ती वाचवण्यात काहीच अर्थ नाही.

कायद्याने दिलेली काही हत्यारंही लक्षात ठेवा. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवून त्याच बांधकामावर आणि जमिनीवर खर्च करावे लागतात. विक्री कार्पेट क्षेत्रावर होते, म्हणून सुपर बिल्टअपचा आकडा ऐकलात तर तिथेच थांबवा. ताबा द्यायला उशीर झाला तर व्याज मागता येतं. ताबा दिल्यापासून 5 वर्षं बांधकामातला मूळ दोष बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. "आज टोकन दिलं तरच हा भाव" असं कुणी म्हणत असेल तर उठून या. पुढच्या आठवड्यातही घरं मिळतात.

मग नवं घ्यावं की जुनं? मर्यादित पैशात पहिलं घर घेणाऱ्याला मी बहुधा जुनं, ओसी मिळालेलं, सोसायटी झालेलं, स्टेशनजवळचं घर सुचवते. जीएसटी नाही, ताब्याची वाट पाहणं नाही, शेजारी कोण आहेत ते दिसतं, पाण्याची आणि गळतीची स्थिती समोर असते. डोंबिवली पूर्व, अंबरनाथ, कल्याण, वसई इथे 20-25 वर्षांपूर्वीच्या तीन-चार मजली इमारतींत अशी घरं असतात. लिफ्ट नसते, ही खरी अडचण. घरात वयस्कर माणूस असेल तर पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नका. अशा घरासाठी विचारायचे प्रश्न वेगळे. सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झालं आहे का? ते झालं नसेल तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी अडचण येते. बिल्डर ते करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, पण तो वेळखाऊ आहे. संरचनात्मक तपासणी केव्हा झाली? आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीची 5 वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांवरच्या इमारतीची 3 वर्षांतून एकदा ती व्हायला हवी. तो अहवाल वाचायला मागा. विकणाऱ्याची थकबाकी नाही असं सोसायटीचं पत्र, आणि आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, दोन्ही बघा. इमारत फार जुनी असेल तर बँक कर्जाची मुदत कमी करते, म्हणून टोकन देण्याआधी बँकेत विचारा.

टॉवरमधल्या सोयींचा मोह मी समजू शकते. मुलांना बाग हवी, सुरक्षित आवार हवं. पण जलतरण तलाव, क्लब, चार लिफ्ट, जनरेटर यांचा मेंटेनन्स दर महिन्याला भरायचा असतो, तुम्ही तलावात उतरा वा न उतरा. तोही मघाच्या हजाराच्या हिशोबात घाला.

म्हाडाच्या कोकण मंडळाची आणि सिडकोची घरं हा आणखी एक रस्ता. जमिनीच्या मालकीची काळजी तिथे नसते. मुंबई महानगर प्रदेशात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गटात, 9 लाखांपर्यंत असेल तर अल्प उत्पन्न गटात अर्ज करता येतो. शिरढोण, खोणी, विरार-बोळिंज इथल्या घरांची नावं तुम्ही ऐकली असतील. त्यांनाही स्टेशनचं अंतर, रिक्षा, पाणी हीच परीक्षा लावा. सरकारी आहे म्हणून सूट देऊ नका. अर्ज फक्त अधिकृत संकेतस्थळावरून करा. लॉटरीत नंबर लावून देतो म्हणणारा दलाल फसवणारच.

शेवटी, ज्याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देते ती गोष्ट. जिथे घर घ्यायचं मनात आहे, त्याच गावात, शक्यतो त्याच रस्त्यावर, आधी 11 महिने भाड्याने राहा. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा तेवढ्याचाच तर असतो. लोक म्हणतात, भाडं म्हणजे फुकट गेलेले पैसे. मला ते पटत नाही. महिना 8-10 हजार भाडं धरलं तर 11 महिन्यांचा लाखभर होतो, आणि त्या लाखात तुम्हाला 40 लाखांच्या निर्णयाची परीक्षा घेता येते. करार जूनमध्ये सुरू करा. पहिल्या चार महिन्यांत रस्ते, गळती, तुंबणारे नाले आणि बंद पडणाऱ्या लोकल दिसतील. दिवाळीपर्यंत शाळा, दवाखाना, रेशन दुकान, रात्रीची रिक्षा यांचा अंदाज येईल. एप्रिलमध्ये पाण्याची पाळी कळेल. त्याच काळात नगररचना विभागातला अर्ज, वकिलाचा शोध आणि बँकेची चौकशी आटपून घ्या. तोवर तिथल्या चार सोसायट्यांचे सचिव तुमच्या ओळखीचे झालेले असतील, आणि फलकावर येण्याआधीच विकायला निघालेल्या घराची बातमी त्यांच्याकडून तुम्हाला मिळेल.